वृत्तपत्र आणि वर्ग : मद्रासच्या इतिहासातून

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि त्यानंतर बातम्या. परिपाठाचा हा क्रम मराठी शाळांच्या अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. बातम्या वाचण्याची पाळी असलेला विद्यार्थी सकाळीच घरचे किंवा शेजारच्या घरचे वर्तमानपत्र मिळवी, चार ठळक मथळे वहीत उतरवून घेई आणि सर्व शाळेसमोर उभा राहून ते वाचून दाखवी. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आयुष्यातील ते पहिले जाहीर भाषण असावे. मात्र शाळेने वर्तमानपत्राला आपल्या अंगणात कशासाठी बोलावले, या दोघांचे नाते नेमके कोठे जुळले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे एक उत्तर मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, शहराच्या इतिहासात सापडते.

मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवी अंकात मद्रासची कथा कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु त्या मुलुखाशी मराठी भाषेचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य आले आणि त्याबरोबर मराठी भाषा कावेरीकाठी रुजली. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी तरुणपणी काही वर्षे मद्रासला राहून शिक्षण घेतले. पुढे गादीवर आल्यावर त्यांनी तंजावरात शाळा काढल्या व देवनागरी छापखाना सुरू केला. त्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचा पाया घातला जात होता त्याच काळात दूर दक्षिणेत मराठी मुलांच्या हाती छापील मराठी गोष्टी देण्याचा हा प्रयत्न झाला, ही गोष्ट मराठी शाळेने विसरू नये.

मद्रासमध्ये वर्तमानपत्र त्याच्याही आधी आले होते. ‘मद्रास कुरियर’ हे तेथील पहिले पत्र १७८५ साली निघाले. जहाजांची ये-जा, कंपनी सरकारचे हुकूम, विलायतेच्या बातम्या आणि जाहिराती असा त्याचा ऐवज होता. त्याचा वाचक गोरा होता आणि त्यात शाळकरी मुलाला काही स्थान नव्हते. त्यानंतर दहा वर्षांनी, १७९५ साली, अमेरिकेतील पोर्टलंड गावच्या एका पत्राने वर्तमानपत्रांचा उपयोग शाळांतून वाचनासाठी करावा, असे सुचविले होते. वर्तमानपत्र हे अभ्यासाचे साधन होऊ शकते, हा विचार छापील स्वरूपात इतका जुना आहे. मद्रासमध्ये मात्र वर्ग आणि वर्तमानपत्र यांची गाठ निराळ्या मार्गाने पडली. तेथे शिक्षकच वर्तमानपत्र काढावयास निघाले.

त्या काळी मद्रासच्या उच्च न्यायालयात टी. मुथुस्वामी अय्यर यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय. इंग्रजांच्या मालकीच्या पत्रांना हे रुचले नाही. एतद्देशीय माणूस एवढ्या मोठ्या पदाला योग्य नाही, असा त्यांचा सूर होता. ट्रिप्लिकेन भागातील सहा तरुण ही पत्रे वाचत होते. त्यांपैकी जी. सुब्रमण्य अय्यर आणि एम. वीरराघवाचारी हे दोघे शिक्षक होते व उरलेले चौघे कायद्याचे विद्यार्थी. छापून आलेल्या त्या मताला उत्तर द्यावे, असे त्यांना वाटले, पण उत्तर छापील कोठे? तेव्हा त्यांनी स्वतःचेच पत्र काढण्याचे ठरविले. उसने घेतलेले पावणेदोन रुपये हे त्यांचे भांडवल. मिंट स्ट्रीटवरील एका छापखान्यात ८० प्रती छापून २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘द हिंदू’चा पहिला अंक निघाला. आरंभी ते साप्ताहिक होते. १८८३ पासून आठवड्यातून तीनदा आणि १८८९ पासून ते दैनिक म्हणून निघू लागले. 

या घटनेकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्या सहा जणांनी प्रथम वर्तमानपत्र वाचले. वाचलेले खरे की खोटे, असे म्हणणारा कोण आणि तो कशाच्या आधारे म्हणतो, हे त्यांनी आपसांत तपासले. मग आपले म्हणणे लिहून काढले. वाचणे, तोलणे आणि उत्तर लिहिणे या तीन पायऱ्या वर्गातील कोणत्याही चांगल्या तासाच्या असतात. वर्गातली सवय वर्गाबाहेर गेली, आणि एक वृत्तपत्र जन्मले.

सुब्रमण्य अय्यर यांचा जन्म १८५५ साली तंजावर जिल्ह्यात, कावेरीकाठच्या तिरुवैयारू गावी झाला. शिक्षकाची नोकरी, पुढे ट्रिप्लिकेनच्या शाळेचे मुख्याध्यापकपद आणि पत्राचे संपादन अशी त्यांची वाटचाल झाली. इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांपुरतेच आपले म्हणणे राहते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी १८८२ साली ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्र काढले. मातृभाषेतून सांगितल्याशिवाय सामान्य माणसाला आपल्या प्रश्नांचे ज्ञान होणार नाही, ही त्यामागची जाण मराठी शाळा चालविणाऱ्यांना सहज उमगेल. मुंबईत १८८५ साली भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात पहिला ठराव त्यांनी मांडला. चार वर्षांनी याच मुंबईत त्यांनी आपल्या बालविधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला आणि स्वजनांचा बहिष्कार ओढवून घेतला. जे छापले ते स्वतःच्या घरात आचरून दाखविणारा हा शिक्षक होता.

मद्रासच्या त्याच काळात एक तंजावरी मराठी गृहस्थही वर्तमानपत्रांतून लिहीत होते. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमला झाला. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात ते शिकले आणि काही काळ तेथे त्यांनी गणित शिकविले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. बडोद्यात तरुण सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पाठ देणाऱ्यांत ते प्रमुख होते. निवृत्तीनंतर मद्रासला परतल्यावर त्यांनी ‘नेटिव्ह थिंकर’ या टोपणनावाने वृत्तपत्रांत लेखन केले. याच नावाने १८८९ साली मुलांच्या संगोपन-शिक्षणाविषयी त्यांनी एक पुस्तिका लिहिली व तिचे मराठीसह अन्य देशी भाषांत अनुवाद झाले. तीन संस्थानांचा कारभार हाकलेला हा मुत्सद्दी अखेरच्या वर्षांत पालकांशी बोलत होता.

इकडे महाराष्ट्रातही हेच घडत होते. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून मराठी पत्रसृष्टीचा आरंभ करणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक होते. ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई, त्यामुळे तो अंक म्हणजे भाषांतराचा चालता पाठच होता. पुढे १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि अवघ्या एका वर्षात, १८८१ च्या जानेवारीत, त्याच शाळेच्या शिक्षकमंडळीने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि नामजोशी यांच्या लेखी शाळा व वृत्तपत्र ही एकाच कामाची दोन अंगे होती. शाळा मुलांना शिकवी आणि पत्र त्यांच्या पालकांना. कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले, तेव्हा शाळेचे दोन शिक्षक तुरुंगात गेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वर्गात वर्तमानपत्र येणे ही पुढे किती गंभीर बाब झाली, हे १९०७-०८ च्या घटनांवरून कळते. वंगभंगाच्या चळवळीनंतर विद्यार्थी वर्तमानपत्रे वाचू लागले, सभांना जाऊ लागले. सरकारने १९०७ साली एक परिपत्रक काढले. गृहसचिव रिस्ले यांच्या नावाने ते ओळखले जाते. विद्यार्थी व शिक्षक यांनी राजकीय चळवळीत भाग घेऊ नये, तसे घडल्यास संस्थांचे अनुदान व मान्यता धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी बिपिनचंद्र पाल यांनी मद्रास इलाख्याचा दौरा केला. त्या वातावरणात राजमहेंद्रीच्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयातून गाडिचेर्ल हरिसर्वोत्तम राव यांना काढून टाकण्यात आले. ज्यास शिक्षक होऊ दिले नाही तो तरुण संपादक झाला, आणि लेखनाबद्दल तुरुंगातही गेला.

तमिळ महाकवी सुब्रमण्य भारती यांची वाटही अशीच होती. मदुराईच्या सेतुपती हायस्कुलात १९०४ साली त्यांनी काही महिने तमिळ शिकविले आणि त्याच वर्षी ते मद्रासला ‘स्वदेशमित्रन्’मध्ये दाखल झाले. पुढे ‘इंडिया’ या साप्ताहिकातून त्यांनी राजकीय व्यंगचित्रे छापली. जो वाचू शकत नाही त्यालाही बातमीचा आशय कळावा, ही चित्रांमागील सोय होती. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, सुब्रमण्य अय्यर यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि भारतींना फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आश्रय घ्यावा लागला. वर्गात शिकविलेले हे तिघेही एकाच वर्षी सरकारच्या रोषास पात्र ठरले. शाळेत बातमी वाचणे हा त्या काळी निरुपद्रवी उपक्रम नव्हता. त्याची किंमत नोकरीने, अनुदानाने आणि तुरुंगवासाने मोजली गेली.

या पार्श्वभूमीवर अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील प्रयोग पाहावा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथे शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यात बाहेरच्या जगातील घडामोडी असत, थोरांच्या कथा असत आणि वसतिगृहातील मुलांच्या वागणुकीबद्दल प्रेमाचे चार शब्दही असत. छापखाना नाही, वर्गणी नाही. एक शिक्षक, कागद आणि शाई. जगाची बातमी आणि छात्रालयाची बातमी एकाच पानावर आल्यामुळे मुलांना जग आपले वाटू लागले असेल. मराठी शाळांतील हस्तलिखिते, भित्तिपत्रके आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेली आजची बातमी यांचे कूळ या छात्रालयापर्यंत नेता येते.

स्वातंत्र्यानंतर भय संपले. तमिळ मुलुखात वर्तमानपत्र झपाट्याने सामान्य माणसापर्यंत पोहोचले. सि. पा. आदित्तनार यांनी १९४२ साली मदुराईत सुरू केलेल्या ‘दिन तंती’ने बोलीच्या जवळची, सोपी वाक्ये वापरली. चहाच्या टपरीवर एकाने मोठ्याने वाचावे आणि चौघांनी ऐकावे, हे दृश्य तेथे सर्वपरिचित झाले. कित्येकांचा अक्षरओळखीचा सराव त्या टपरीवर झाला. पुढे ‘द हिंदू’ने मुलांसाठी ‘यंग वर्ल्ड’ ही पुरवणी आणि शाळांसाठी खास आवृत्ती काढली, तर महाराष्ट्रात ‘सकाळ’ने ‘एनआयई’ या नावाने शालेय उपक्रम चालविला. चेन्नई महानगरपालिकेच्या शाळांत २००३ पासून कृतीवर आधारित अध्ययनाची पद्धत रुजविण्यात आली. त्या वर्गांत भिंतींना मुलांच्या उंचीचे फळे लावले गेले आणि प्रत्येक मुलाला लिहिण्यासाठी स्वतःची जागा मिळाली. शाळेचे ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे पहिले सूत्र होते.

या सुबत्तेत एक गोष्ट मात्र निसटली. वर्तमानपत्राचा शालेय उपयोग हळूहळू सामान्यज्ञानापुरता उरला. कोणत्या देशाचा पंतप्रधान कोण, चषक कोणी जिंकला, यांची कात्रणे चिकटविलेली वही आणि तिच्यावर लाल शाईची सही. पाठांतराला एक विषय वाढला, एवढेच. ट्रिप्लिकेनच्या त्या सहा वाचकांनी मथळे पाठ केले नव्हते, त्यांनी ते तपासले होते. परिपाठातील बातमी वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारला जात नसेल, तर इतिहासाने मोठ्या किमतीला मिळवून दिलेली वस्तू शाळेने अडगळीत टाकली, असे म्हणावे लागेल.

बातमी तपासणे म्हणजे काय, याचे दोन पाठ अलीकडे चेन्नईनेच दिले. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दिवशी शहरात अभूतपूर्व पाऊस कोसळला. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदीचे पात्र वस्त्यांत शिरले. छापखान्यापर्यंत कर्मचारी पोहोचू न शकल्यामुळे २ डिसेंबर रोजी ‘द हिंदू’चा चेन्नईतील अंक निघाला नाही. १८७८ पासून असे प्रथमच घडले. त्याच दिवसांत भ्रमणध्वनीवरून एक बातमी घरोघरी फिरली, की मगर संवर्धन केंद्रातील मगरी पुराच्या पाण्यातून शहरात शिरल्या आहेत. ती अफवा होती. केंद्राने खुलासा केला, मगरी जागच्या जागी सुरक्षित होत्या. छापील अंक बंद आणि अफवा मात्र सुरू, अशा त्या प्रसंगी माणसाच्या उपयोगी पडले असतील ते तीनच प्रश्न : काय घडले? कोणी सांगितले? कशावरून? पाचवीच्या मुलाच्या वहीत या तीन रकान्यांचा तक्ता आखून दिला, तर हा पाठ एका तासात होतो. या तासाला भाषेचाही लाभ आहे. दोन टिंबांचा विसर्ग मुलाला व्याकरणातून ठाऊक असतो. धरणातून सोडलेल्या पाण्यालाही मराठीत विसर्ग म्हणतात, हे त्याला पुराची बातमीच शिकविते.

दुसरा पाठ चार वर्षांनी मिळाला. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे जलाशय कोरडे पडले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी चेन्नईत आली : ५० वाघिणी, २५ लाख लिटर पाणी. मथळा मोठा होता. वर्गात त्याचा भागाकार करून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ४६ लाख ४६ हजार. म्हणजे वाट्याला आले माणशी जेमतेम अर्धा लिटर. मराठी मुलांना याची जोडबातमीही ठाऊक असावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणीगाडी गेली तेव्हा १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. माणशी सव्वा लिटरच्या थोडे वर. चेन्नईचा आकडा पाचपट मोठा, पण लातूरकराचा वाटा दुपटीहून अधिक. मथळ्यातील संख्या आणि माणसाच्या ओंजळीत पडणारे पाणी यांतील अंतर ज्या मुलाने एकदा स्वतः मोजले, त्याला पुढे कोणताही आकडा सहज फसवू शकणार नाही. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र आणि भाषा हे चारही विषय त्या एका बातमीत एकत्र येतात.

अशा तासाची तिसरी पायरी उत्तर लिहिण्याची. बातमी तपासून झाल्यावर मुलांनी संपादकास पत्र लिहावे, गावच्या पाण्याविषयी ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस विनंतीअर्ज लिहावा, निदान भित्तिपत्रकावर आपले मत सहीनिशी मांडावे. नाव घालून लिहिले की शब्द जपून वापरले जातात. मराठी शाळेतील मुलाला मराठीत विचार मांडण्याची जागा घर आणि क्रमिक पुस्तक यांपलीकडे क्वचितच मिळते. वर्तमानपत्र ती जागा देते, आणि भाषा टिकते ती अशा वापरानेच. सुब्रमण्य अय्यर यांना तमिळ पत्र काढावेसे वाटले ते याच कारणाने.

यात पालकांचाही वाटा आहे. अनेक घरांतून सकाळचे वर्तमानपत्र येईनासे झाले. ज्या घरी येते तेथेही ते न उलगडता रद्दीत जाते. मूल बातम्या वाचत नाही, ही तक्रार करण्यापूर्वी रात्रीच्या जेवणाच्या वेळी एक बातमी मोठ्याने वाचावी आणि मुलाला तेच तीन प्रश्न विचारावेत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट द्यायची, तर एका वर्गासाठी वर्षभराचे मराठी दैनिक सुरू करून द्यावे. ट्रिप्लिकेनच्या तरुणांनी पावणेदोन रुपये उसने घेऊन केलेल्या कामाच्या मानाने हा खर्च मोठा नाही.

साठ वर्षांत शाळेच्या प्रांगणात किती सकाळी बातम्या वाचल्या गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही. वाचणाऱ्याचा आवाज कधी कापला असेल, कधी एखादे नाव चुकले असेल. यापुढे त्या बातमीनंतर रांगेतून एक हात वर यावा आणि एखाद्या मुलाने विचारावे, “हे कशावरून?” परिपाठ त्या दिवशी पाच मिनिटे लांबला तर लांबू द्यावा.